एका खेड्यातले प्रार्थनाघर

इतिहासावरील व्याख्यान म्हटले की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे किल्ले, लढाया आणि तहनामे उभे राहतात. देवळांचा इतिहास म्हटला तर शिखरे, शिलालेख आणि दानपत्रे निघतात. आज आम्ही ज्या वास्तूविषयी बोलणार आहोत तिला शिखर नाही, शिलालेख नाही आणि तिला गाव इनाम देणारा राजाही कधी भेटला नाही. माती आणि पेंढा कालवून उभारलेल्या भिंतींची ती एक खोली आहे. आपल्याकडे पांढरीच्या भिंती असतात, त्यांचीच ती लांबची बहीण म्हणावी. इंग्लंडच्या दक्षिण भागात डॉर्सेट नावाचा परगणा आहे. त्यातील डॉर्चेस्टर शहरापासून सात मैलांवर टॉलपडल हे लहानसे खेडे आहे. तेथील मेथडिस्ट पंथाच्या लोकांनी १८१८ साली हे प्रार्थनाघर बांधले. पंचवीस-एक वर्षे तेथे भजन-प्रवचन चालले. पुढे त्या खोलीचे कोठार झाले. आणि तरीही इंग्लंडच्या मजुरांचा इतिहास लिहायचा तर या खोलीचा उंबरा ओलांडल्यावाचून तो पुरा होत नाही. असे का व्हावे, हाच आजचा आमचा विषय.

प्रथम हे मेथडिस्ट कोण, ते पाहू. जॉन वेस्ली (१७०३–१७९१) हा इंग्लंडच्या सरकारमान्य चर्चचा धर्मोपदेशक. ऑक्सफर्डला असताना तो आणि त्याचे मित्र इतक्या नेमाधर्माने वागत की इतर विद्यार्थी त्यांना थट्टेने 'मेथडिस्ट', म्हणजे पद्धतशीर लोक, म्हणू लागले. थट्टेचे नाव पुढे पंथाला चिकटले. १७३९ साली वेस्लीने चर्चची चौकट सोडून उघड्या मैदानावर प्रवचने करण्यास सुरुवात केली. ब्रिस्टलजवळच्या किंग्जवुड येथील कोळसाखाणीतले मजूर हा त्याच्या पहिल्या श्रोत्यांपैकी एक वर्ग. चर्चमधली बाके ज्यांच्यासाठी कधीच नव्हती, त्यांच्याकडे वेस्ली आपण होऊन गेला.

पण नुसत्या प्रवचनाने पंथ टिकत नाही. तो टिकला एका पेनीवर! ही हकीकत मोठी गमतीची आहे. ब्रिस्टलच्या प्रार्थनागृहावर कर्ज झाले होते. ते कसे फेडावे याचा विचार करण्यासाठी १७४२ च्या फेब्रुवारीत मंडळी जमली. एका जुन्या दर्यावर्दी कप्तानाने सुचवले की, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कोणी म्हणाले, पुष्कळांना तेवढीही ऐपत नाही. त्यावर कप्तान म्हणाला, तर मग त्यांतले अकरा सर्वांत गरीब माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्या घरी जाईन, आणि ज्याला देता येणार नाही त्याची पेनी मी भरीन. अशा रीतीने बारा-बारा माणसांचे वर्ग पाडले गेले. प्रत्येक वर्गाला एक नायक आला. पेनी गोळा करण्यासाठी नायक घरोघर फिरू लागला, तेव्हा कोण आजारी आहे, कोणाच्या घरी चूल पेटलेली नाही, कोण दारूच्या नादी लागला आहे, हे सारे त्याला कळू लागले. वेस्लीच्या तीक्ष्ण नजरेने हे हेरले आणि कर्जफेडीसाठी काढलेली ही युक्ती सबंध पंथाची घडी बनली.

या घडीचा खेड्यातल्या माणसावर काय परिणाम झाला, हे जरा ध्यानात घेण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्रजी खेड्यात सारी सत्ता तीन घरी वसत होती. जमीन जमीनदाराची, न्यायासनावर बसणारा मॅजिस्ट्रेटही बहुधा तोच किंवा त्याचा सोयरा. शेती करणारे बडे कुळवाडी त्याच्या मर्जीतले. आणि गावचा व्हिकर, म्हणजे चर्चचा पुरोहित, त्यांच्या पंक्तीला बसणारा. शेतमजुराने चर्चमध्ये मागच्या बाजूला बसावे, ऐकावे आणि घरी जावे. बोलण्याचा प्रसंग त्याच्यावर जन्मभर येत नसे.

चॅपलमध्ये मात्र उलटा प्रकार होता. पगारी उपदेशक एखादाच, आणि त्याला अनेक गावे फिरावयाची. मग रविवारचे प्रवचन कोणी करायचे? गावातल्याच माणसाने. आठवडाभर नांगर धरणारा मनुष्य रविवारी बायबल हातात घेऊन शेजाऱ्यांसमोर उभा राही. त्यासाठी त्याला वाचता यावे लागे. सभा ठरल्या वेळी सुरू करणे, हिशेब लिहिणे, मंडळाचे नियम पाळणे आणि पाळावयास लावणे, ही सर्व कामे मजुरालाच करावी लागत. आमच्या मते चॅपलचे खरे दान हे आहे. स्वर्गाचा मार्ग त्याने किती जणांना दाखवला हे सांगणे इतिहासकाराच्या अधिकारातले नाही. पण चारचौघांत उभे राहून बोलण्याचा धडा त्याने अनेकांना दिला, याला कागदोपत्री पुरावा आहे.

टॉलपडलच्या चॅपलने घडवलेला असा एक मनुष्य म्हणजे जॉर्ज लव्हलेस. जन्म १७९७ चा. धंदा शेतमजुरी. स्वतःच्या हिमतीने लिहा-वाचावयास शिकलेला, जमतील तशी धर्मग्रंथांची पुस्तके घरी जमवलेला आणि पंचक्रोशीत प्रवचनकार म्हणून मान असलेला. त्याचा धाकटा भाऊ जेम्स, मेहुणा टॉमस स्टँडफील्ड आणि भाचा जॉन हेही त्याच चॅपलच्या मंडळींतले.

आता त्या काळच्या पोटापाण्याकडे वळू. नेपोलियनशी चाललेले युद्ध संपल्यावर धान्याचे भाव उतरले, सैन्यातून सुटलेले लोक गावी परतले, गावरान कुरणांना कुंपणे पडली आणि मळणीयंत्रे आली. मजुराला हिवाळ्यात मळणीचे जे काम मिळत असे तेही गेले. १८३० साली दक्षिण इंग्लंडातील मजुरांनी यंत्रे फोडली, गंजी पेटवल्या. सरकारने काहींना फाशी दिले, शेकडोंना काळ्या पाण्यावर पाठवले. तो धडा ताजा असताना टॉलपडलचे मजूर आपल्या मालकांकडे गेले ते हातात कोलती घेऊन नव्हेत. आजूबाजूच्या परगण्यात आठवड्याला दहा शिलिंग मजुरी मिळते, तेवढी आम्हांलाही मिळावी, एवढेच त्यांचे म्हणणे. मालकांनी व्हिकरसमक्ष तसे कबूल केले, असे लव्हलेसने पुढे लिहून ठेवले आहे. पण हाती पडले नऊ शिलिंग. पुढे आठ झाले, मग सात, आणि आता सहा देणार अशी भाषा सुरू झाली. मजूर मॅजिस्ट्रेटकडे गेले. तेथे उत्तर मिळाले की मालक देतील त्यावर काम केले पाहिजे. साक्षीसाठी व्हिकरकडे बोट दाखवावे, तर व्हिकरांनी असे काही ठरल्याचे साफ नाकारले!

अशा वेळी माणसाने काय करावे? एक मार्ग गंजी पेटवण्याचा, दुसरा नशिबाला बोल लावून घरी बसण्याचा. लव्हलेसने तिसरा मार्ग काढला. १८३३ च्या शरद ऋतूत गावात शेतमजुरांचे एक मित्रमंडळ स्थापन झाले. प्रवेशाची वर्गणी एक शिलिंग आणि पुढे दर आठवड्याला एक पेनी.

श्रोतेहो, ही पेनी आपल्या ओळखीची आहे. ब्रिस्टलच्या त्या कप्तानाची ही पेनी, नव्वद वर्षांनी मजुरांच्या मंडळात येऊन पोहोचली! एका शिलिंगाच्या बारा पेन्या. म्हणजे सात शिलिंग मजुरीच्या चौऱ्याऐंशी पेन्यांतली एक पेनी मजूर मंडळाला देऊ लागला. मंडळाचे नियमही चॅपलच्या वळणाचे होते. हिंसेने आपला हेतू कधीही साधणार नाही, उलट तीमुळे मंडळाचाच घात होईल, अशा आशयाचे कलम त्यांत स्पष्ट घातले होते. संघटनेच्या कल्पना बाहेरूनही आल्या होत्या हे खरे. रॉबर्ट ओवेनच्या चळवळीचे वारे तेव्हा देशभर वाहत होते आणि तिचे दोन प्रतिनिधी टॉलपडलला येऊनही गेले. पण बाहेरचे बी रुजायला भुई तयार असावी लागते, आणि ती चॅपलने तयार केली होती.

मंडळात येणाऱ्याला शपथ घ्यावी लागे. टॉमस स्टँडफील्डच्या घराच्या माडीवर नव्या सभासदाचे डोळे बांधीत. पट्टी सोडल्यावर समोर मृत्यूचे चित्र, एक मानवी सांगाडा, दिसे. मग गुप्ततेची शपथ. आज हा प्रकार पोरकट वाटेल, पण त्या काळी अनेक मंडळांतून तो रूढ होता. या शपथेनेच त्यांचा घात केला.

संघटना करणे हा १८२४ नंतर इंग्लंडात गुन्हा उरला नव्हता. तेव्हा मंडळ काढले म्हणून कोणाला धरता येईना. मोरटन येथील जमीनदार आणि मॅजिस्ट्रेट जेम्स फ्रॅम्प्टन याने गृहमंत्री लॉर्ड मेलबर्नशी पत्रव्यवहार केला, आणि १७९७ सालचा एक कायदा शोधून काढण्यात आला. नौदलातील बंडाच्या वेळी बेकायदा शपथांविरुद्ध केलेला हा कायदा! खलाशांच्या बंडासाठी घडवलेले हत्यार नांगर धरणाऱ्यांवर उगारले गेले. १८३४ च्या फेब्रुवारीत मजुरांना ताकीद देणारी पत्रके गावात लागली, आणि लगेच दोन-तीन दिवसांत, २४ फेब्रुवारीच्या सकाळी, कामावर निघालेल्या जॉर्ज लव्हलेसला शिपायाने गाठले. तो, त्याचा भाऊ, दोघे स्टँडफील्ड, जेम्स हॅमेट आणि जेम्स ब्राइन असे सहा जण सात मैल पायी चालत डॉर्चेस्टरला गेले. ब्राइनचे वय अवघे वीस होते.

तुरुंगात लव्हलेसपुढे एक सवलत ठेवण्यात आली. मंडळाशी संबंध तोडण्याचे वचन द्यावे, आणखी कोण कोण सभासद आहेत ते सांगावे, की सुटका. म्हणजे सोबत्यांना धरून द्यायचे, असेच ना, असे त्याने विचारले. होय, असे उत्तर आल्यावर त्याने सांगितले की, त्यापेक्षा वाटेल ती शिक्षा भोगीन.

मार्च १८३४ मध्ये खटला चालला. खटला पुढे चालवण्याजोगा आहे की नाही हे ठरवणाऱ्या ग्रँड ज्यूरीचा प्रमुख होता मेलबर्नचा मेहुणा. फ्रॅम्प्टन स्वतःही त्या ज्यूरीत होता. आरोपींना काही सांगायचे आहे काय, असे विचारल्यावर लव्हलेसने एक लेखी निवेदन दिले. आम्ही कोणाच्या अब्रूला, देहाला किंवा मालमत्तेला धक्का लावलेला नाही. आपण स्वतः, आपल्या बायका आणि आपली मुले यांना उपासमारीपासून वाचवण्यासाठी आम्ही एकत्र आलो, असा त्याचा आशय. हे चार शब्द लिहिण्याची ताकद त्याला कोठून आली, हे आपण पाहिलेच आहे. न्यायाधीश जॉन विल्यम्स यांनी १९ मार्च रोजी सहाही जणांना सात-सात वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावली. लव्हलेसला टास्मानियात आणि इतर पाच जणांना ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स वसाहतीत धाडण्यात आले. मागे राहिलेल्या बायकांनी गावच्या निराधार निधीतून मदत मागितली, तेव्हा फ्रॅम्प्टनच्या हुकमाने तीही नाकारण्यात आली. ज्यांच्यापाशी मंडळासाठी पेनी होती त्यांना भाकरी कशाला, असा हा न्याय!

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळणे बरे नव्हे. या आपत्तीत मेथडिस्ट पंथाचे धुरीण कोठे होते? तर ते गप्प होते. वेस्ली स्वतः राजनिष्ठ, आणि त्याच्यानंतर पंथाची सूत्रे ज्याच्या हाती आली तो जेबझ बंटिंग लोकशाहीला पापाइतकाच दूर ठेवणारा, अशी त्याची ख्याती. आपला पंथ राजद्रोही ठरू नये याची त्या मंडळींना मोठी धास्ती. म्हणून आपल्याच एका प्रवचनकाराला बेड्या पडल्या तरी पंथाच्या वार्षिक परिषदेने त्याच्या बाजूने आवाज उठवला नाही.

यावरून इतिहासकारांत मोठा वाद माजलेला आहे. एली हालेवी या फ्रेंच पंडिताने पहिल्या महायुद्धापूर्वी असे मांडले की, फ्रान्समध्ये झाली तशी क्रांती इंग्लंडात झाली नाही याचे मोठे श्रेय मेथडिझमला आहे. त्याने गरिबांचा संताप भक्तीकडे वळवला. पुढे १९६३ साली ई. पी. टॉम्सन याने इंग्रज मजूरवर्गाच्या घडणीवरील आपल्या ग्रंथात या पंथावर कडक टीका केली. गिरणीला हवा तसा आज्ञाधारक मजूर त्याने घडवला, असे त्याचे म्हणणे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. परंतु परिषदेच्या ठरावांवरून पंथाची परीक्षा करणे आणि खेड्यातल्या चॅपलवरून करणे यांत अंतर आहे. वरच्यांनी आज्ञापालन शिकवले. खालच्यांनी त्याच शाळेत वाचन, वक्तृत्व आणि हिशेब शिकून घेतला. शिकवणाऱ्याच्या मनात होते तेवढेच शिकणारा शिकतो, असे थोडेच आहे? टॉलपडल हा एकटाच दाखला असता तर आम्ही तो योगायोग म्हटला असता. पण १८७२ साली वॉरिकशर परगण्यातील वेल्सबर्न येथे एका झाडाखाली शेतमजुरांची सभा भरली आणि तिच्यातून देशव्यापी संघटना उभी राहिली. तेथे बोलणारा जोसेफ आर्च हाही मेथडिस्ट प्रवचनकारच होता. मात्र तो प्रिमिटिव्ह मेथडिस्ट या गरिबांच्या शाखेतला.

टॉलपडलच्या सहा जणांसाठी पंथ उठला नाही, पण देश उठला. २१ एप्रिल १८३४ रोजी लंडनच्या कोपनहेगन फील्ड्स मैदानावर हजारो कामगार जमले आणि दोन लाखांहून अधिक सह्यांचा अर्ज घेऊन मिरवणुकीने गृहखात्याकडे गेले. एवढ्या जमावाने आणलेला अर्ज घेणार नाही, असे मेलबर्नने कळवले. पण चळवळ थांबली नाही. गावातील कुटुंबांसाठी लंडनमध्ये निधी गोळा झाला, पार्लमेंटात प्रश्न निघाले, आणि मार्च १८३६ मध्ये सहाही जणांना पूर्ण माफी मिळाली. लव्हलेस १८३७ साली परतला, चौघे १८३८ साली, हॅमेट १८३९ साली. आल्याबरोबर लव्हलेसने आपली हकीकत छापून काढली. प्रवचनकाराची लेखणी पुन्हा कामी आली.

परतलेल्यांपैकी पाच जण काही वर्षे एसेक्स परगण्यात शेती करून अखेर सहकुटुंब कॅनडात गेले आणि ओंटारिओ प्रांतातील लंडन शहराच्या परिसरात स्थायिक झाले. जॉर्ज लव्हलेस १८७४ साली तेथेच वारला. सायलोमच्या दफनभूमीत त्याची समाधी आहे. एकटा हॅमेट गावी परतला. मजुरी करून त्याने आयुष्य काढले. १८७५ साली आर्चच्या संघटनेने त्याला सोन्याचे घड्याळ देऊन त्याचा सत्कार केला. पण १८९१ साली त्याचा अंत झाला तो डॉर्चेस्टरच्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधारांच्या सरकारी आश्रयस्थानात. सत्कार होतात, घड्याळे मिळतात, आणि म्हातारपण तरी निराधारच राहते. मजुराच्या इतिहासातले हे पान आपल्यालाही अपरिचित नाही.

आणि त्या प्रार्थनाघराचे काय झाले? लव्हलेसची मंडळी दूरदेशी गेली. १८४० नंतरच्या काही वर्षांत तेथील भजन थांबले. वास्तू शेतीकडे गेली, तिचे कोठार झाले. गावात १८६०च्या दशकात दुसरे चॅपल उभे राहिले, ते आजही आहे. त्याच्यासमोर १९१२ साली या सहा जणांची स्मारक-कमान बांधण्यात आली. तिचे अनावरण करणारे मजूर पक्षाचे पुढारी आर्थर हेंडरसन हेही मेथडिस्ट प्रवचनकार होते. १९३४ साली शताब्दीच्या निमित्ताने ब्रिटिश कामगार संघटनांनी वृद्ध शेतमजुरांसाठी गावात सहा घरे बांधली, आणि आता तेथे संग्रहालयही आहे. दर वर्षी जुलै महिन्यात तेथे कामगारांची जत्रा भरते. मात्र मूळ मातीची खोली दीडशे वर्षांहून अधिक काळ उपेक्षित राहिली. एकविसाव्या शतकात एक विश्वस्त संस्था निघाली आणि तिने ढासळू लागलेली ती वास्तू ताब्यात घेऊन सावरली.

हे सारे सात समुद्रांपलीकडचे, असे कोणी म्हणेल. तर एवढेच सांगतो. मद्रासच्या कापडगिरणीतील संपामुळे १९२०-२१ च्या सुमारास बी. पी. वाडिया यांच्या मजूर संघावर कंपनीने हायकोर्टात दावा लावला आणि मनाईहुकूम मिळवला. आधार होता इंग्रजी कायद्याचा. मालकाशी झालेला करार मोडण्यास मजुरांना चिथावले, हा त्यांचा अपराध. त्यानंतर मध्यवर्ती कायदेमंडळात मजूर संघांना संरक्षण देणारा कायदा करावा असा ठराव मांडला तो आपल्या नारायण मल्हार जोशी यांनी, आणि १९२६ साली तो कायदा झाला. टॉलपडलच्या मजुरांनी जो प्रश्न विचारला, गरिबांनी एकत्र येणे हा गुन्हा आहे काय, त्याचे उत्तर हिंदुस्थानात मिळावयास ब्याण्णव वर्षे लागली.

आपल्या गावांतही लहान-लहान जागा असतात. कोठे वाचनालयाची खोली असते, कोठे तालीम, कोठे भजनी मंडळाचा ओटा. त्या बांधणाऱ्यांच्या मनात मोठे काही नसते, आणि त्या मोडल्या तर फारसे कोणी हळहळतही नाही. पण तेथे एखादा माणूस पहिल्यांदा उभा राहतो, चार वाक्ये बोलतो, आठवड्याच्या वर्गणीचा हिशेब लिहितो आणि शेजाऱ्याचा विश्वास कमावतो. पुढे कोणत्या दिवशी त्याला हे सारे लागेल, हे त्याला ठाऊक नसते. टॉलपडलच्या लव्हलेसलाही ते ठाऊक नव्हते.